दर माजानंतर कुत्री आजारी पडते : पिशवीत पू झालाय का, कसं ओळखायचं आणि काय करायचं

कुत्री पाच-सात वर्षांची, नसबंदी केलेली नाही. माज येऊन गेला, त्यात काही वावगं दिसलं नाही. मग महिना-दीड महिन्यानं ती कोपऱ्यात पडून राहायला लागली. ताटली हुंगते आणि तोंड फिरवते. पाणी मात्र भांडंच्या भांडं संपवते आणि कधी नव्हे ती रात्री घरात लघवी करते. शेपटीखाली सारखी चाटते, उठून गेली की फरशीवर चिकट डाग. गोळ्यांचा कोर्स दिला की आठ दिवसांत पुन्हा शेपटी हलवायला लागते. सहा-सात महिन्यांनी पुढचा माज येतो आणि तो सरला की हेच सगळं पुन्हा, मागच्या खेपेपेक्षा जोरात.

असं दोनदा झालं असेल तर तिसऱ्यांदा गोळ्यांवर थांबू नका. गर्भपिशवीत पू झाल्याची, म्हणजे पायोमेट्राची, शंका आधी घ्या आणि ती फिटल्याशिवाय दुसऱ्या कारणाकडे वळू नका.

तुमची कुत्री आत्ता या क्षणी उलट्या करत असेल, पोट फुगून ताणलेलं वाटत असेल, उभी राहताना पाय लटपटत असतील, हिरड्या पांढरट किंवा विटकरी लाल पडल्या असतील, तर पुढचं नंतर वाचा. गाडी काढा. निघण्याआधी दवाखान्याला फोन करून सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया दोन्ही तिथे होतात का, एवढंच विचारा. अशा रात्री तीन दवाखाने फिरण्यात जाणारे तास परत मिळत नाहीत.

आमच्या मैनेचं काय झालं

मैना आमची लॅब्रेडॉर, तेव्हा सात वर्षांची. पहिल्यांदा ती गणपतीच्या आसपास आजारी पडली. पावसाळ्यात तिच्या कानामागे गोचिड्या सापडल्या होत्या, म्हणून आम्ही आणि डॉक्टरांनीही गोचीडताप धरला. औषधं दिली, ती बरी झाली. पुढचा माज उन्हाळ्याच्या तोंडावर आला. तो संपल्यावर पाचेक आठवड्यांनी फरशीवर तपकिरी, वास मारणारे डाग दिसायला लागले. मी ते पुसत राहिले. माज लांबला असेल, अशी समजूत करून घेतली. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरी.

तिसऱ्या वेळी डाग नव्हते. मला हायसं वाटलं होतं, आणि तेच मला आजही सर्वांत जास्त खुपतं. डाग नव्हते कारण पिशवीचं तोंड बंद झालं होतं आणि सगळा पू आत साठत होता. दोन दिवसांत तिनं अन्न सोडलं. पोट गोल दिसायला लागलं तर घरातले म्हणाले, जाड झाली आहे. तिसऱ्या दिवशी तिला जिना चढता येईना. सोनोग्राफीत पिशवीची दोन्ही शिंगं, म्हणजे तिच्या दोन लांब नळ्या, केळ्यासारखी जाड दिसत होती. त्याच संध्याकाळी सलाईन लावून शस्त्रक्रिया झाली. मैना वाचली. पण पहिल्याच वेळी कुणी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला असता, तर तिला ते तीन दिवस काढावे लागले नसते. हे सगळं लिहिण्याचं कारण तेच.

माजानंतरच का?

आपण घरात सहज म्हणतो, कुत्रीला पाळी आली. हा शब्द फसवा आहे. बाईच्या पाळीत गर्भाशयाचं अस्तर गळून जातं आणि आतली जागा मोकळी होते. कुत्रीचं उलट असतं. तिचं रक्त जातं ते गर्भ धरण्याच्या दिवसांच्या आधी, अस्तर तयार होत असताना. साधारण नऊ-दहा दिवस रक्त, मग तितकेच दिवस नर जवळ येऊ देण्याचे. त्यानंतर तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढतं ते दोन महिने चढलेलंच राहतं. नराशी संबंध आला असो वा नसो, गर्भ असो वा नसो, शरीर दर माजानंतर दोन महिने गाभण असल्यासारखं वागतं.

या दोन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन चार गोष्टी करतं. अस्तर जाड करतं, अस्तरातल्या ग्रंथींना द्रव स्रवायला लावतं, पिशवीच्या स्नायूंचं आकुंचन थांबवतं आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावतं. गर्भाला सांभाळण्यासाठी हे योग्यच आहे. पण माजाच्या दिवसांत पिशवीचं तोंड उघडं असताना योनिमार्गातले जंतू वर गेलेले असतात. बहुतेक वेळा हा ई. कोलाय असतो, म्हणजे शेणात-विष्ठेत असणारा नेहमीचाच जंतू. एरवी शरीर त्याला बाहेर काढतं. इथे मात्र त्याला ऊब, द्रव आणि बंद खोली असं सगळं मिळतं. दर माजागणिक अस्तर आणखी जाड, त्यात पाण्याच्या गाठी, म्हणून वय वाढतं तसा धोका वाढतो. कमी वयात होत नाही असं मात्र नाही, दोन-तीन वर्षांच्या कुत्र्यांनाही झालेला आहे.

स्वीडनमध्ये निरोगी कुत्र्यांची सरसकट नसबंदी करण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे तिथल्या पाळीव प्राण्यांच्या विम्याच्या नोंदी या आजाराबद्दल बरंच सांगतात. दहा वर्षांची होईपर्यंत साधारण दर चार-पाच माद्यांमागे एकीला पायोमेट्रा झाल्याचं त्यांतून दिसलं. आपल्याला तो अचानक आल्यासारखा वाटतो, कारण माजाची तारीख आपण लिहून ठेवत नाही.

गोळ्यांनी बरं का वाटतं, याचंही उत्तर इथेच आहे. प्रतिजैविक रक्तातले जंतू आटोक्यात आणतं, पिशवीतला पू तसाच राहतो. दोन महिने भरत आले की प्रोजेस्टेरॉन आपोआप उतरतं, पिशवी आकुंचन पावते, थोडा पू बाहेर पडतो आणि कुत्री सावरते. श्रेय गोळ्यांना जातं. बिघडलेलं अस्तर पुढच्या माजाची वाट पाहत तसंच असतं.

घरी काय बघायचं

सर्वांत आधी तारीख आठवा. माज कधी सुरू झाला? त्यापासून साधारण चार ते दहा आठवड्यांच्या आत कुत्री आजारी पडली असेल तर पिशवी हा पहिला संशय. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारलं नाही तरी ही तारीख स्वतःहून सांगा. माझ्या अनुभवात निदान चुकतं ते बहुतेक याच एका वाक्याअभावी.

दुसरं, पाणी मोजा. "खूप पिते" यावरून काहीच कळत नाही. सकाळी बाटलीनं मोजून भांडं भरा, दिवसभरात ओतलेलं लिहा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. घरात दुसरं जनावर असेल तर तेवढा दिवस वेगळं ठेवा आणि संडास-बाथरूमचं दार बंद ठेवा, बादलीतलं पाणी मोजणीत येत नाही. साधारण किलोमागे ५०-६० मिली पाणी कुत्र्याला पुरतं. वैशाखात थोडं जास्त लागेल, पण किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे २५ किलोच्या कुत्रीनं अडीच लिटर संपवलं, तर आत काहीतरी नक्की बिघडलं आहे. ई. कोलायच्या विषामुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी वाढते आणि त्यापायी तहान. म्हणून तहान लागते तर पाणी बंद करा, हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. पाणी तोडलं तर मूत्रपिंडं आणखी लवकर ढासळतील.

तिसरं, हिरड्या. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. वेळ लागला तर रक्ताभिसरण कमी पडतंय. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या आहेत त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा.

ताप मात्र फसवतो. गुदद्वारात खोबरेल लावलेला डिजिटल थर्मामीटर घालून मोजला तर निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास येतं. पायोमेट्रात ते १०४ असू शकतं, अगदी व्यवस्थितही असू शकतं आणि विष अंगात भिनल्यावर ९९ च्या खालीही जातं. "ताप नाही ना, मग उद्या बघू" हे वाक्य या आजारात चालत नाही. नाकाच्या ओलेपणावरून तर काहीच ठरवू नका.

स्राव असेल तर त्याचा रंग पिवळसर, हिरवट, लालसर तपकिरी, टोमॅटोच्या सारासारखा, कसाही असू शकतो. काही कुत्र्या इतक्या नेटानं चाटून स्वच्छ ठेवतात की डाग दिसतच नाहीत. रात्री झोपताना तिच्याखाली जुनी पांढरी चादर घाला, सकाळी कळेल. स्राव अचानक थांबला आणि कुत्री मलूल झाली, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. मैनेच्या बाबतीत मी नेमकं इथेच चुकले.

पोट दाबून पाहू नका. पुवानं तटतटलेली पिशवी पातळ झालेली असते, ती फुटली तर पू पोटात पसरतो. योनिमार्गात पिचकारीनं बेटाडीनचं पाणी सोडण्याचा उद्योगही नको, त्यानं पिशवी धुतली जात नाही. आणि माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरच्या डब्यातून काढून देऊ नका. मूत्रपिंडं आधीच संकटात असताना ही औषधं कुत्र्याला भारी पडतात.

पायोमेट्रा नसेल तर काय असू शकतं

मादी पिल्लाला, पहिला माज येण्याआधी, पांढरट चिकट स्राव होत असेल आणि ती बागडत, खात असेल तर तो बहुधा योनिमार्गाचा साधा दाह असतो. बऱ्याच वेळा पहिल्या माजानंतर आपोआप जातो. त्यासाठी घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना एकदा दाखवा.

लघवीच्या संसर्गात कुत्री वारंवार बसते आणि थेंबथेंब करते. पायोमेट्रात एकेका वेळी भरपूर होते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, जरी दोन्ही एकत्र असू शकले तरी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणारी गाठ, टीव्हीटी, खूप दिसते. शेपटीखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल, लगेच रक्त येणारी गाठ, आणि माज नसतानाही आठवडेच्या आठवडे टपकणारं रक्त. कुत्री एरवी खातपीत असते. यावर विनक्रिस्टीनची आठवड्याला एक अशी इंजेक्शनं देतात आणि बहुतेक कुत्र्या त्यानं बऱ्या होतात. ही पायोमेट्रा समजून शस्त्रक्रियेला नेण्याची किंवा उलट पायोमेट्राला गाठ समजून सोडून देण्याची चूक होऊ शकते, म्हणून तपासणी हवीच.

मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार यांतही पाणी वाढतं. रक्त-लघवीच्या तपासणीत ते वेगळे काढता येतात.

नुकत्याच व्यालेल्या कुत्रीचं प्रकरण निराळं आहे. व्याल्यावर सुरुवातीला हिरवट-काळा आणि नंतर लालसर तपकिरी स्राव दोन-तीन आठवडे जाणं नैसर्गिक आहे. त्याला घाण वास नसतो आणि आई पिल्लांना पाजत असते. व्याल्यापासून पहिल्या आठवड्यात स्रावाला कुजका वास यायला लागला, आईला ताप चढला, तिनं पिल्लांकडे पाठ फिरवली, पिल्लं भुकेनं किंचाळत राहिली, तर गर्भाशयाचा तीव्र दाह, मेट्रायटिस, झालेला असतो. आत वार किंवा मेलेलं पिल्लू अडकलं आहे का, ते सोनोग्राफीत पाहावं लागतं. सलाईन, प्रतिजैविक, पिशवी रिकामी करणारी औषधं यांनी बऱ्याच कुत्र्या सावरतात. त्या काळात पिल्लांना वरचं दूध द्यायची तयारी ठेवा. वार बाहेर यावी म्हणून कुणी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हातात दिलं तर घरी टोचू नका, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय ते देणं धोक्याचं आहे.

दवाखान्यात

सोनोग्राफी हा सर्वांत भरवशाचा मार्ग. तालुक्याच्या गावी ती सोय नसेल तर पोटाचा एक्स-रेही बराच उपयोगी पडतो, भरलेली पिशवी त्यात नळीसारखी दिसते. रक्तात पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा खूप वाढलेल्या असतात, ३०,००० च्या वर गेलेल्याही दिसतात. त्या व्यवस्थित किंवा कमी आल्या म्हणून पायोमेट्रा नाही असं ठरत नाही, उलट इतकी आजारी कुत्री आणि पेशी कमी, हे जास्त काळजीचं. क्रिएटिनिन बघायला सांगा, भूल देण्याआधी मूत्रपिंडं कशी आहेत ते कळायला हवं.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढायची. आधी काही तास सलाईन आणि प्रतिजैविक देऊन तब्येत सावरतात, पण "आठ दिवस औषधं देऊ, मग ऑपरेशनचं बघू" असं ते पुढे ढकलायचं नसतं. पुष्कळ जण वय पाहून कचरतात. बारा वर्षांच्या कुत्रीला भूल सोसेल का, हा प्रश्न मलाही कळतो, त्यामागची माया कळते. पण दुसऱ्या पारड्यात न काढलेला पू आहे. वयस्क कुत्र्याही वेळेत नेल्या तर या शस्त्रक्रियेतून उठतात.

औषधांनी पिशवी वाचवण्याचा मार्ग आहे, तो लपवायचं कारण नाही. तरुण, पैदाशीसाठी ठेवलेली, पिशवीचं तोंड उघडं असलेली आणि तब्येतीनं स्थिर अशी कुत्री असेल तर प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखणारं ॲग्लेप्रिस्टोन, किंवा पिशवी आकुंचन पावायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन, सोबत प्रतिजैविक, असा उपचार करतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वरचेवर सोनोग्राफी करून. प्रोस्टाग्लँडिन दिल्यावर धाप, लाळ, उलटी, जुलाब होतात आणि तोंड बंद असताना दिलं तर पिशवी फुटण्याची भीती. गर्भवती बाईनं आणि दम्याच्या रुग्णानं या इंजेक्शनला हातही लावू नये, ते कातडीतून शरीरात जाऊ शकतं. एवढं करून पुढच्या माजानंतर आजार उलटण्याचा धोका मोठा, म्हणून लगेचच्या माजाला गाभण घालण्याचा सल्ला देतात. ज्या घराला पिल्लं नको आहेत त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्चाची अडचण खरी असते. मुंबईत परळला, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या चिकित्सालयांत तपासणी-शस्त्रक्रियेची चौकशी करा. सकाळी लवकर पोचा आणि "माजानंतर महिनाभरानं आजारी पडली, पिशवीत पू असावा" हे नोंदणीच्या खिडकीवरच सांगा.

माज थांबवण्याचं इंजेक्शन आणि 'एक वेत होऊ दे'

घरासमोर कुत्र्यांचा गराडा नको म्हणून माज थांबवण्याचं इंजेक्शन द्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यात असतं ते प्रोजेस्टेरॉनसारखंच संप्रेरक. म्हणजे जे दोन महिन्यांत उतरायला हवं ते आपण बाहेरून टोचून लांबवतो. नको असलेला संबंध झाल्यावर गर्भ राहू नये म्हणून देतात त्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनानंही धोका वाढतो. असं काही कधी दिलं असेल, अगदी दोन वर्षांपूर्वी, तरी डॉक्टरांना सांगा.

एक वेत झालं की पिशवी साफ होते, मग आजार होत नाही, हेही ठामपणे सांगितलं जातं. व्यालेल्या कुत्र्यांनाही पायोमेट्रा होतो. पिशवी वाचवण्यासाठी पिल्लं होऊ देणं म्हणजे त्या पिल्लांची आणि त्यांच्या माद्यांची हीच काळजी पुढे ढकलणं.

निरोगी असतानाच नसबंदी करायची असेल तर माज सुरू असताना नको, तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. माज सरून अडीच-तीन महिने जाऊ द्या. मोठ्या जातीच्या पिल्लाची वाढ कितपत पूर्ण झाली हे पाहून वय डॉक्टरांशी बोलून ठरवा. काहींना पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, वजनही वाढतं, त्यामुळे जेवण थोडं आवरावं लागतं. हे तोटे खरे आहेत, त्यांवर उपाय आहेत.

शस्त्रक्रियेनंतर

घरी आल्यावर पहिल्या दिवशी थोडंथोडं पाणी, मग दही-भात किंवा शिजवलेलं चिकन, तेही हाताएवढंच. लघवी होते आहे ना, हे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहा. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढायचा मोह होतो, तिचे डोळे पाहून कुणालाही होईल, पण टाके निघेपर्यंत दहा-चौदा दिवस ती राहू द्या. या काळात जिना, सोफा, उड्या बंद. टाक्यांतून पाणी किंवा पू यायला लागला, तिनं पुन्हा खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत न्या. पाणी पिणं हळूहळू कमी होत जातं. ते मोजत राहा आणि दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करून घ्या, मूत्रपिंडं पूर्ववत झाली का ते कळेल.

पिशवी काढलेल्या कुत्रीला काही महिन्यांनी माजासारखी लक्षणं दिसली, नर मागे लागले किंवा स्राव सुरू झाला, तर अंडाशयाचा एखादा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. तो प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो आणि पिशवीच्या उरलेल्या बुंध्यात पू होऊ शकतो. ही तपासणी लक्षणं दिसत असतानाच करून घ्यावी, म्हणून त्या दिवसाचीही तारीख कॅलेंडरवर लिहा.